तीन पायांना किती जागा?

उन्हाळी सुटी जवळ आली की घरोघरी प्रवासाच्या याद्या तयार होऊ लागतात. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे वा मुलीकडे निघालेले आजी-आजोबा असोत, किंवा मुलांना घेऊन सहलीस निघालेले आई-वडील असोत. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत कॅलिफोर्नियातील डिस्नीलँड, फ्लोरिडातील ऑरलँडो किंवा जपानमधील टोकियो येथील एखादे थीम पार्क बहुधा असतेच. घरात छायाचित्रणाचा छंद असलेली एखादी तरी व्यक्ती असते. ती या यादीत आपली भर घालते: कॅमेरा, दोन भिंगे, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, जास्तीच्या बॅटऱ्या. आणि मग पार्कच्या फाटकावरील तपासणीत सुरक्षा कर्मचारी नम्रपणे, पण ठामपणे सांगतो की ही काठी आत नेता येणार नाही. मागे लांबलचक रांग असते, उन्हात मुले अधीर झालेली असतात आणि गाडी दूरच्या वाहनतळावर उभी असते. दिवसाची सुरुवातच कुरबुरीने होते.

हा प्रसंग सहज टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी नियम ठाऊक हवेत. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नियमांमागची कारणे ठाऊक हवीत. कारण समजले की नियम जाचक वाटत नाही, आणि आपल्याला खरोखर कोणते साधन लागणार आहे याचाही उलगडा होतो.

नियम काय सांगतात?

थीम पार्कांना छायाचित्रणाचे वावडे आहे, असे मुळीच नाही. १९५५ साली डिस्नीलँड सुरू झाले तेव्हापासून अनेक वर्षे कोडॅक या कंपनीचे नाव त्याच्याशी जोडलेले होते, आणि ‘येथून छायाचित्र चांगले येईल’ असे सुचविणाऱ्या पाट्या तेथील वाटांवर पाहुण्यांच्या परिचयाच्या होत्या. आलेल्या पाहुण्याने चित्रे काढावीत, ती घरी नेऊन चार जणांना दाखवावीत, यात पार्कचेही हितच असते. आक्षेप कॅमेऱ्याला नाही. तो कॅमेऱ्याच्या आधाराला आहे, आणि तोही सरसकट नाही.

अमेरिकेतील डिस्नीच्या पार्कांमध्ये ३० जून २०१५ पासून सेल्फी स्टिकवर, म्हणजे कॅमेरा वा मोबाइल लावण्याच्या हातातील लांब दांड्यावर, संपूर्ण बंदी आहे. पॅरिस व हाँगकाँग येथे ती लगेच दुसऱ्या दिवशी, १ जुलैला लागू झाली. ट्रायपॉडच्या बाबतीत मात्र अमेरिकेतील नियम बराच उदार आहे. नेहमीच्या आकाराच्या पाठपिशवीत मावणारा आणि पूर्ण उघडल्यावर सहा फुटांपेक्षा, म्हणजे सुमारे १८३ सेंटिमीटरपेक्षा, उंच न होणारा ट्रायपॉड आत नेता येतो. पिशवीलाही मर्यादा आहे: साधारण ६१ सेंटिमीटर लांब, ३८ सेंटिमीटर रुंद व ४६ सेंटिमीटर उंच. ड्रोनला अर्थातच मज्जाव आहे. टोकियोचे पार्क अधिक कडक असून तेथे ट्रायपॉड, मोनोपॉड आणि सेल्फी स्टिक यांपैकी काहीच वापरता येत नाही. ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये काही वेगवान रोलर कोस्टरच्या दारातच धातुशोधक यंत्र असते. खिशातील मोबाइलसुद्धा लॉकरमध्ये ठेवूनच पुढे जावे लागते.

येथे एक विसंगती भासते. वजनदार ट्रायपॉड चालतो आणि हलकीशी काठी चालत नाही, हे कसे? याचे उत्तर रोलर कोस्टरच्या रुळांवर मिळते.

काठी दाराबाहेर का राहिली?

रोलर कोस्टरची आखणी करताना अभियंते गाडीभोवतीची एक ठरावीक जागा पूर्णपणे मोकळी राखतात. बसलेल्या माणसाने दोन्ही हात पूर्ण ताणले, तरी बोटे खांबाला, तुळईला वा शेजारच्या रुळाला लागू नयेत, असा तो हिशेब असतो. हातात मीटरभर लांबीची काठी आली की हा हिशेब क्षणात मोडतो. माणसाचा हात जेथे संपायचा तेथून काठी सुरू होते. ती खांबाला लागली तर धरणाऱ्याच्या मनगटाला हिसका बसतो. हातातून निसटली तर मागच्या डब्यातील प्रवाशाच्या तोंडावर जाते. आणि रुळावर पडली तर सबंध गाडीच थांबवावी लागते.

हे केवळ तर्काने मांडलेले भय नाही. जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर’ या पार्कमध्ये, ताशी सुमारे ८८ किलोमीटर वेग गाठणाऱ्या ‘कॅलिफोर्निया स्क्रीमिन’ या रोलर कोस्टरवर एका प्रवाशाने सेल्फी स्टिक बाहेर काढली. ती गाडी थांबवावी लागली आणि राइड सुमारे तासभर बंद राहिली. त्यानंतर काही दिवसांतच बंदी जाहीर झाली.

त्याआधीचा एक अनुभव अधिक दारुण होता. युनिव्हर्सलच्या ‘ड्रॅगन चॅलेंज’ या राइडमध्ये दोन गाड्या एकाच वेळी सुटत आणि एकमेकींच्या अंगावर चालून आल्यासारख्या अगदी जवळून निघून जात. दोघींमधील सर्वांत कमी अंतर अवघे दीड फूट होते. समोरासमोर येणाऱ्या गाड्यांचे वेग एकमेकांत मिळवले जातात. त्यामुळे एका गाडीतून उडालेली वस्तू दुसऱ्या गाडीतील माणसाला दुप्पट जोराने लागू शकते. २०११ मध्ये उडत्या वस्तूंचा मार लागून प्रवासी जखमी झाले. एकाला तर डोळा गमवावा लागला. त्या वर्षापासून दोन्ही गाड्या एकाच वेळी सोडणे बंद करण्यात आले. ज्या खेळासाठी ती राइड बांधली गेली होती, तो खेळच थांबला.

आणखी एक घटना ऑगस्ट २०१५ मधील आहे. ओहायो राज्यातील सीडर पॉइंट पार्कमध्ये एक पाहुणा राइडवर हरवलेला मोबाइल शोधण्यासाठी कुंपण ओलांडून निषिद्ध भागात शिरला आणि धावत्या गाडीची धडक बसून मरण पावला. पडलेली वस्तू परत आणण्याचे काम कर्मचाऱ्यांवरच सोपवावे, हा साधा नियम किती गंभीर आहे, हे यावरून कळते.

मोबाइल पडला तर पडला, नुकसान आपलेच, असे काहींना वाटते. थोडे गणित करून पाहू. तीस मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू हवेचा विरोध सोडल्यास जमिनीवर येईपर्यंत ताशी सुमारे ८७ किलोमीटर वेग घेते. हा वेग साधारण फिरकी गोलंदाजाच्या चेंडूइतका आहे. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो आणि आजचे बरेचसे मोबाइल २०० ग्रॅमच्या घरात असतात, शिवाय त्यांच्या कडा कठीण असतात. फलंदाज निदान चेंडूकडे पाहत असतो आणि त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असते. खाली रांगेत उभे असलेले मूल वर पाहतही नसते.

जमिनीवरचा प्रश्न

ट्रायपॉड राइडवर जात नाही, म्हणून त्याच्याविषयीचा नियम सौम्य आहे. पण गर्दीत त्याचाही उपद्रव होतो. पूर्ण उघडलेल्या ट्रायपॉडचे तीन पाय जमिनीवर दोन-तीन माणसांची जागा अडवतात. ते बहुधा काळ्या रंगाचे असतात, आणि त्यांचा उपयोग होतो तो रात्री. आतषबाजी संपताच हजारो माणसे एकाच वेळी बाहेर जाण्याच्या वाटेला लागतात. त्यांत झोपी गेलेल्या मुलांच्या ढकलगाड्या असतात, चाकाच्या खुर्चीतील वृद्ध असतात, काठी टेकीत चालणारी आजी असते. अंधारात पसरलेला तो पाय यांपैकी कोणालाही दिसत नाही. दुसरी अडचण उंचीची आहे. डोक्याच्या वर उचललेला कॅमेरा मागच्या रांगेतील मुलाचा संपूर्ण देखावा झाकून टाकतो. त्या मुलाच्या आई-वडिलांनीही आपल्याइतकेच पैसे मोजलेले असतात आणि तेही आपल्यासारखेच दुरून आलेले असतात.

हा विचार आपल्याला परका नाही. आपल्या देशातील पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये हातातल्या कॅमेऱ्याला मुभा असली, तरी ट्रायपॉड लावण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. २०१६ मध्ये वांद्र्याच्या समुद्रकिनाऱ्यावर सेल्फी घेताना घडलेल्या दुर्घटनेनंतर मुंबई पोलिसांनी शहरातील धोक्याच्या जागा निश्चित करून तेथे सेल्फीला मनाई केली. चित्र काढणाऱ्याचे लक्ष चौकटीत गुंतलेले असते; चौकटीबाहेरचे भान दुसऱ्या कोणीतरी ठेवावे लागते. नियम तेच काम करतो.

ट्रायपॉडची गरज कितपत?

आता छंदाच्या अंगाने विचार करू. ट्रायपॉड कॅमेरा स्थिर करतो. समोरच्या माणसाला नव्हे. घोड्यांच्या चक्रावर फिरणारे मूल, मिरवणुकीत नाचणारी पात्रे, पाण्याच्या राइडवरून चिंब होऊन उतरणारी बहीण, ही सर्व हलती दृश्ये आहेत. ती गोठवण्यासाठी सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो, आणि इतक्या कमी वेळात हाताचा कंप फारसा जाणवतच नाही. रात्रीच्या मिरवणुकीत आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवावा. चित्रात थोडे दाणे आले तरी चेहरे स्पष्ट येतील. येथे ट्रायपॉडचा काही उपयोग नाही.

त्याचा खरा उपयोग तीनच ठिकाणी आहे: आतषबाजी, रात्री उजळलेल्या वास्तू आणि सर्व कुटुंबाचे एकत्र छायाचित्र. आतषबाजीसाठी आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११ आणि दोन ते चार सेकंदांचा अवधी ठेवला की प्रकाशाच्या रेघा पूर्ण उमटतात. एवढा वेळ कॅमेरा हातात स्थिर राहत नाही, हे खरे. पण कठड्याची सपाट कड किंवा एखादी बुटकी भिंत हेही आधारच आहेत. रुमाल वा मोज्यांची जोडी गुंडाळून त्यावर कॅमेरा टेकवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि बटण दाबून हात काढून घ्यावा. टेबलावर ठेवण्याजोगा वीतभर उंचीचा ट्रायपॉडही अशा वेळी पुरेसा होतो.

जुन्या छायाचित्रकारांची एक युक्ती तर आजही उपयोगी पडते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाला ट्रायपॉडसाठी पाव इंच मापाच्या आट्यांचे भोक असते. त्याच मापाचा लहान बोल्ट घेऊन त्याला मजबूत दोरी बांधावी. बोल्ट कॅमेऱ्यात बसवावा, दोरीचे दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा डोळ्याशी धरून दोरी ताठ होईपर्यंत वर ओढावा. हाताचा वरखाली होणारा कंप त्या ताणाने बराच कमी होतो. सबंध साधन खिशात मावते आणि कोणाच्या पायात येत नाही. तेही नसेल तर कोपरे बरगड्यांना टेकवून, श्वास सोडून, मग बटण दाबावे.

कुटुंबाच्या एकत्र चित्रासाठी तर आणखी सोपा मार्ग आहे. डिस्नीच्या पार्कांमध्ये ठिकठिकाणी पार्कचेच छायाचित्रकार उभे असतात. त्यांनी त्यांच्या कॅमेऱ्याने काढलेली चित्रे विकत घ्यावी लागतात. परंतु विनंती केल्यास ते आपल्या कॅमेऱ्याने वा मोबाइलनेही चित्र काढून देतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

निघण्यापूर्वी

ज्या पार्कला जायचे आहे त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरील नियम निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचावेत, कारण ते बदलत असतात. सेल्फी स्टिक घरीच ठेवावी. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या व पॉवर बँक विमानात नेहमी हातातील सामानातच असाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे. विमान कंपन्यांची साधारण मर्यादा १०० वॉट-तासांची असते. पॉवर बँकवर सुमारे २७,००० मिलिअँपिअर-तास लिहिले असेल तर आपण त्या मर्यादेला टेकलो, असे समजावे. मोठा ट्रायपॉड सोबत घेतलाच, तर तो मोठ्या बॅगेत टाकावा. पार्कमध्ये कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटात असावा, आणि राइडवर चढताना तोही पुरेसा नाही असे कर्मचाऱ्याने सांगितले, तर वाद न घालता कॅमेरा लॉकरमध्ये ठेवावा. अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश मारू नये. जेथे उभे राहून चित्र काढायचे, तेथे आधी एकदा मागे वळून पाहावे.

शेवटी एक गोष्ट. घरोघरच्या सहलींचे अल्बम चाळले तर त्यांत बहुधा एक माणूस नसतो: चित्रे काढणारा. ट्रायपॉड उभा करण्यात, तो हलविण्यात, गर्दी सरकण्याची वाट पाहण्यात त्याचा दिवस सरलेला असतो. मुलांना पुढे आठवते ते राइडवर शेजारी कोण बसले होते, कोण घाबरले आणि कोणी हात घट्ट धरला. फाटकावर अडवली गेलेली काठी त्या माणसाला त्या शेजारच्या जागेवर नेऊन बसवीत असेल, तर त्या नियमाविषयी फारशी तक्रार करण्याचे कारण नाही.