मोटारीच्या इंजिनाला विजेचे साहाय्य
गळिताचा हंगाम सुरू झाला की सांगली–पेठ मार्गावर, विशेषतः आष्टा परिसरात, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे मोटारींना थांबत, सरकत पुढे जावे लागते. अशा प्रवासात इंधन अधिक जळते. मोटारीला दिलेली गती दर वेळी ब्रेकच्या घर्षणाने उष्णता होऊन वाया जाते. ती विजेच्या रूपाने साठवून पुढच्या वेळी इंजिनाच्या मदतीला द्यावी, ही संकरित अथवा हायब्रिड मोटारीमागील मूळ कल्पना होय.

हिशेब मात्र आधी पाहावा. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असता तिच्यात सुमारे ५० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. इंजिनाची कार्यक्षमता चतुर्थांश धरली तर लिटरभर पेट्रोलपासून सुमारे ८,००० किलोज्यूल उपयुक्त ऊर्जा मिळते. प्रत्येक थांब्याला निम्मी गतिज ऊर्जा परत मिळाली, तरी एक लिटर वाचण्यास सुमारे ३२० थांबे लागतील! थांबताच इंजिन आपोआप बंद होण्याने होणारी बचत यात धरलेली नाही. गर्दीत तीही महत्त्वाची ठरते. मोकळ्या महामार्गावर दोन्ही लाभ जवळजवळ नाहीसे होतात.

चढावर जादा जोर हवा असल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. १० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७,५०० वॅट. नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी ६०० अँपिअरहून अधिक प्रवाह घ्यावा लागेल. ४८ व्होल्टला तो सुमारे १५५ अँपिअरवर येतो. साहाय्यक यंत्रणांसाठी ४८ व्होल्टची निवड होऊ लागली, ती यामुळेच. आल्टरनेटरची वीजही फुकटची नव्हे, कारण त्याला इंजिनच फिरवते. हवेच्या नळीत बसविण्याच्या छोट्या पंख्यांकडून तर काहीच अपेक्षा ठेवू नये.

पुण्यातील केपीआयटी कमिन्स व भारत फोर्ज यांनी २०१० मध्ये वापरातील मोटारींत बसविता येईल असा ‘रिव्होलो’ हा संच जाहीर केला होता. खासगी मोटारींत त्याचा प्रसार झाला नाही. उलट २०१५ मध्ये मारुती सुझुकीने डिझेल सियाझमध्ये स्टार्टर व आल्टरनेटर यांचे काम करणारे एकच यंत्र कारखान्यातच बसवून दिले. त्याचे साहाय्य माफक होते. पण ते मोटारीच्या मूळ रचनेचाच भाग होते. व्यवहार्य मार्ग हाच दिसतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास परस्पर करता येत नाही. ग्रामपंचायतीच्या अथवा शाळेच्या वाहनाकरिता असा संच सुचविला गेल्यास प्रथम त्याचे चाचणी-मान्यतापत्र मागावे आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी. खर्चाचा प्रस्ताव त्यानंतर.