हॉर्नबिल हाउस ते ठाण्याची खाडी

ठाण्याच्या खाडीला भरती आली की चिखलावर पांगलेले हजारो पक्षी पाण्याच्या पुढे पुढे सरकत काठच्या उथळ डबक्यांत गोळा होतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या बीएनएचएसचे, संशोधक याच वेळेवर डोळा ठेवून असतात. अंधारात दिसू नयेत इतक्या बारीक धाग्याची जाळी लावलेली असतात. सापडलेला पक्षी अलगद सोडवायचा, कापडी पिशवीत घालून त्याचं वजन करायचं, पंख पट्टीवर धरून मोजायचा, मग चोच, मग पाय. कोणती पिसं झडली आणि कोणती नवी आली, तेही पाहायचं. शेवटी पायात क्रमांक कोरलेली धातूची कडी घालायची आणि पक्षी सोडून द्यायचा. छोटा टिलवा हातात घेतला तर मूठभरही भरत नाही. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. तो अंडी घालतो सैबेरियाच्या थेट उत्तरेकडच्या टुंड्रात आणि थंडीचे महिने काढतो आपल्याकडे, भांडुप-ऐरोलीच्या चिखलात. त्याच्या पायातल्या कडीवर संस्थेचं नाव असतं. पक्षी जगाच्या पाठीवर कुठेही सापडला, तरी मुंबईला कळवता यावं म्हणून.

आकडे वहीत जातात. ही वही १८८३ साली उघडली गेली.

त्या वर्षी १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली. प्राणिशास्त्र हा काही त्यातल्या बहुतेकांचा पोटापाण्याचा उद्योग नव्हता. ई. एच. एटकेन मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात नोकरीला होते, कर्नल स्विन्हो लष्करात. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते, आणि संस्थेची गोष्ट सांगताना त्यांची नावं फार घाईने उरकली जातात. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले. व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे भाऊ. डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र दोन्हींत रमलेले. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या देशी औषधांची सूची त्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली होती. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. समाजसुधारणेच्या चळवळीतली माणसं त्याच उत्साहाने फुलपाखरं, साप आणि झाडपाला यांच्या चर्चेला बसत होती, हे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचं एक मोठं वैभव आहे.

सुरुवातीचा बेत साधा होता. महिन्यातून एकदा भेटायचं, आपापल्या नोंदी एकमेकांना सांगायच्या, सापडलेले नमुने दाखवायचे. १८८६ मध्ये संस्थेचं नियतकालिक निघालं आणि ते आजही निघतं. त्याच सुमारास एच. एम. फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने सचिवपद घेतलं आणि संस्थेला आपल्या दुकानाच्या आवारात जागा दिली. तिथे त्यांच्या खुर्चीमागच्या पिंजऱ्यात कारवारहून आणलेला एक धनेश पक्षी होता. त्याचं नाव विल्यम. १८९४ ते १९२० अशी सव्वीस वर्षं तो त्या कचेरीत राहिला. संस्थेच्या बोधचिन्हावर आज जो पक्षी दिसतो तो हाच, आणि फोर्टात लायन गेटसमोरच्या इमारतीला हॉर्नबिल हाउस हे नाव पडलं तेही त्याच्यावरून.

या इमारतीतला खरा खजिना कपाटांच्या खणांत आहे. एक लाखाहून अधिक नमुने: पक्षी, सस्तन प्राणी, साप, बेडूक, कीटक. कापूस भरलेला पक्षी उताणा ठेवलेला असतो आणि त्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी मिळवला. चिठ्ठी हरवली तर उरतो तो नुसता पेंढा भरलेला पक्षी. विज्ञानाच्या दृष्टीने त्याची किंमत जवळजवळ शून्य. अशा जुन्या संग्रहांचा उपयोग कुठवर पोचतो, ते ब्रिटनमध्ये दिसलं. डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये संग्रहांतली जुनी अंडी आणि नवी अंडी ताडून पाहिली आणि शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होत चालल्याचं दाखवून दिलं. डीडीटीचा दोष त्यातून उघडा पडला. ती जुनी अंडी ज्यांनी जमवली, त्यांच्या काळी डीडीटी कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

१९०८ च्या सुमारास मुंबईचा एक मुलगा छर्‍याच्या बंदुकीने मारलेली चिमणी घेऊन संस्थेत आला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि हा पक्षी कोणता, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. सचिव वॉल्टर मिलर्ड यांनी त्याला पक्षी ओळखून दिला आणि मग कपाटाचे एकेक खण उघडून दाखवले. तो मुलगा सालिम अली. पुढे नोकरी नसल्याच्या काळात, १९३० मध्ये, अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच संसार सुरू होतो आणि मग हा नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी दिवसच्या दिवस बसून टिपलं. शिडी, दुर्बीण आणि वही, एवढ्या सामग्रीवर कोकणातल्या एका गावात केलेलं हे काम आजही पहिल्या प्रतीचं मानलं जातं.

मधल्या काळात, १९११ ते १९२३, संस्थेने भारतीय उपखंडातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली. तिचा पहिला अहवाल आपल्या खानदेशचा होता. एस. एच. प्रेटर यांनी संस्थेचा कारभार सांभाळला, भारतीय प्राण्यांवरचं पुस्तक लिहिलं आणि ते संविधान सभेचेही सदस्य झाले. हुमायून अब्दुलाली यांनी पक्ष्यांच्या संग्रहाची तपशीलवार सूची केली आणि बेडकांचे पाय परदेशी पाठवण्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. भातखाचरातला बेडूक किती कीड खातो, हे ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

पक्ष्यांना कड्या घालण्याचं मोठं काम १९५९ मध्ये सुरू झालं. त्याला पैसा आला जागतिक आरोग्य संघटनेकडून, कारण स्थलांतर करणारे पक्षी गोचिडांमार्फत रोग पसरवतात का, हे पाहायचं होतं. रोगाचा शोध घेता घेता देशभरातल्या लाखो पक्ष्यांची नोंद झाली. अशा नोंदींचं मोल उशिरा कळतं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात संस्थेचे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडं मोजून ठेवली होती. दहा वर्षांनी पुन्हा मोजली तेव्हा ती भराभर नाहीशी होत असल्याचं दिसलं. पुढे गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्याचं कारण ठरलं आणि २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. आधीचे आकडे नसते, तर ‘हल्ली गिधाडं दिसत नाहीत बुवा’ एवढ्यावरच गोष्ट थांबली असती.

ठाण्याच्या खाडीवर आज नेमकं हेच काम चाललं आहे.

१९९० च्या दशकापासून शिवडी ते ऐरोली या पट्ट्यात फ्लेमिंगो मोठ्या संख्येने येऊ लागले. बीएनएचएसने २०१८ पासून इथे दीर्घ मुदतीचा अभ्यास हाती घेतला आणि त्यातल्या मोजणीत पक्ष्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. बहुसंख्य असतात छोटे फ्लेमिंगो. हा पक्षी मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतो आणि जाडजूड जिभेने पाणी आत-बाहेर खेळवतो. चोचीच्या आतल्या कडांना कंगव्यासारखे अतिशय बारीक दाते असतात; पाणी निसटतं आणि सूक्ष्म नीलहरित शैवाल आत अडकतं. त्या शैवालातल्या रंगद्रव्यानेच त्याची पिसं गुलाबी होतात. पिल्लं मात्र करड्या रंगाची.

आता शैवाल एवढं माजतं कशावर? दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी खाडीत येतं आणि त्यातला नत्र-स्फुरद शैवालाला खत पुरवतो. म्हणून गुलाबी थव्यांचे फोटो पाहून खाडी निरोगी झाली असं मानणं ही फसगत आहे. चिखलाच्या आत डोकावलं की दुसरी बाजू दिसते. चेंदणी बंदर रोडवर खाडीला लागूनच विद्या प्रसारक मंडळाचं बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आहे, १९६९ सालचं. तिथल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं या चिखलातले कृमी, शिंपले आणि मासे तपासले; प्रदूषणाचा त्यांच्यावर होणारा परिणाम नोंदवला. डोळे टाळूवर असलेली, ओल्या कातडीतून श्वास घेत ओहोटीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी चेंदणी कोळीवाड्यात सगळ्यांच्या ओळखीची. खाडी कशी आहे, हे विचारायचं तर या निवटीला आणि चिखलातल्या कृमींना विचारावं. फ्लेमिंगो पंख पसरून दुसरीकडे जाऊ शकतो, त्यांना ती सोय नाही.

तो जातो कुठे, हेही आता कळू लागलं आहे. २०२२ मध्ये संस्थेने सहा फ्लेमिंगोंच्या अंगावर सौरऊर्जेवर चालणारी, उपग्रहाने ठावठिकाणा कळवणारी यंत्रं बसवली. त्यातल्या काहींना नावं दिली ती संस्थेच्या आपल्या माणसांचीच: सालिम, हुमायून. एकाचं नाव नवी मुंबई. पावसाच्या तोंडावर हुमायून गुजरातकडे गेल्याचं यंत्राने दाखवलं. ठाण्याचा चिखल आणि गुजरातचा किनारा हे एकाच पक्ष्याचे दोन पत्ते आहेत. एक मोडला तर दुसरा राखून भागणार नाही.

सरकारनेही पावलं उचलली आहेत. ६ ऑगस्ट २०१५ रोजी खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र उभं राहिलं. तिथून बोटीने अभयारण्य पाहता येतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा जाहीर झाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं रामसर स्थळ. शिवडीच्या चिखलावरून जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याने पक्ष्यांचं काय झालं, याचं उत्तर अंदाजाने द्यावं लागणार नाही, कारण सेतूच्या आधीची मोजणी हाताशी आहे. अशी मोजणी प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या आधी झालीच पाहिजे. आपल्याकडे ती होते त्याहून अधिक वेळा राहूनच जाते.

डोंबिवली आणि कल्याण इथली पाणथळ ठिकाणं मात्र या मोठ्या अभ्यासांच्या कडेलाच राहतात. उल्हास नदीचा काठ, कल्याणची खाडी, निळजेचा तलाव. रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून तिकडे जाणारी मंडळी कमी नाहीत. त्यातल्या कित्येकांचा कॅमेरा भरतो आणि वही कोरी राहते. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून, आणि भारतात तिच्या संयोजनात बीएनएचएसचा वाटा आहे. तिच्यात कोणालाही भाग घेता येतो. येत्या जानेवारीत घराजवळचं एक तळं किंवा खाडीचा एक तुकडा निवडा, सकाळी तास-दोन तास थांबून पक्षी मोजा, जागा, तारीख आणि वेळ घालून आकडे पाठवा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा. एकही पक्षी दिसला नाही, तर शून्य लिहून पाठवा.