साखळीबाहेरच्या सेवकाचा मोबदला



‘ब्लॉकचेनमध्ये मध्यस्थ नसतो, म्हणून दलालीही नसते,’ असे विधान अलीकडे वारंवार कानी पडते. हे विधान अर्धसत्य आहे. त्यावर विसंबून कोणी आपली कष्टाची पुंजी गुंतवू नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपलेली सामायिक हिशेबवही. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनमुळे ती प्रसिद्धीस आली. २०१५ साली आलेल्या इथेरियमने तीत ‘स्मार्ट करार’ लिहिण्याची सोय केली. अट पूर्ण होताच असा करार आपोआप अमलात येतो. प्रत्येक नोंदीसाठी ‘गॅस’ नावाचे शुल्क भरावे लागते व त्यातील काही भाग नोंदी तपासणाऱ्यांना मिळतो.

परंतु या कराराला बाहेरचे जग दिसत नाही. समजा, वसईच्या एखाद्या केळीबागायतदाराने अतिवृष्टीच्या विम्याचा असा करार केला. पाऊस किती पडला, हे कराराला कोण सांगणार? ही माहिती आणून देणाऱ्या त्रयस्थ सेवकास ‘ओरॅकल’ म्हणतात. हा सेवक विनामूल्य राबत नाही.

२०१९ पासून इथेरियमवर कार्यरत असलेल्या चेनलिंक या जाळ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या मूळ पद्धतीत माहिती मागणारा ‘लिंक’ नावाच्या टोकनांत मोबदला आधीच जमा करतो. सेवकाने उत्तर नोंदविल्यावरच ती रक्कम त्याची होते. पाच मिनिटांत उत्तर न आल्यास मागणी रद्द करून रक्कम परत घेता येते. उत्तर नोंदविण्याचे गॅस शुल्क मात्र सेवकालाच भरावे लागते. मोबदला त्याहून कमी ठेवला, तर त्याला ते काम परवडणार नाही.

तथापि, मोबदला दिला म्हणजे माहिती खरीच मिळते, असे नाही. जून २०१९ मध्ये सिंथेटिक्स या व्यवस्थेला एका व्यावसायिक पुरवठादाराकडून कोरियन वॉनचा भाव सुमारे हजारपट चढा मिळाला. त्याचा लाभ घेऊन एका स्वयंचलित प्रणालीने कागदोपत्री एक अब्ज डॉलरहून अधिक नफा कमावला. पुढे तिच्या मालकाने बक्षिसाच्या बदल्यात ते व्यवहार मागे घेतले. करार बिनचूक चालला होता. चूक होती ती त्याला पुरविलेल्या माहितीत.

म्हणूनच आता अनेक स्वतंत्र सेवकांची उत्तरे घेऊन त्यांतील मधले मूल्य स्वीकारले जाते. काही ठिकाणी सेवकाकडून अनामतही घेतली जाते व कामात कसूर झाल्यास तिच्यातून दंड कापला जातो.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकातून न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. श्रमाला योग्य दाम मिळावा आणि दाम घेणाऱ्याने प्रामाणिक राहावे, ही ख्रिस्तसभेची शिकवण नव्या यंत्रणेलाही लागू पडते. तेव्हा अशी एखादी योजना कोणी आपल्यापुढे मांडली, तर आपण तीन प्रश्न अवश्य विचारावेत, असे आम्हांस वाटते : बाहेरची माहिती कोण आणतो? त्याला कोण व किती मोबदला देतो? आणि ती माहिती खोटी ठरल्यास नुकसान कोण सोसतो? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळेपर्यंत आपली पुंजी आपल्याजवळच ठेवणे शहाणपणाचे होय.