भाटघरच्या पाण्यावर

भोर गावापासून जवळच, वेळवंडी नदीवर, भाटघरचे प्रचंड धरण आहे. हे १९२८ च्या सुमारास पुरे झाले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्यास देण्यात आले. आज जलाशयास शिवकालीन वीर येसाजी कंक यांचे नाव आहे. बांधाची उंची सुमारे ५८ मीटर असून लांबी दीड किलोमीटरहून अधिक आहे. पलीकडे वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पानशेत व वरसगाव येथेही असेच विस्तीर्ण जलाशय पसरलेले आहेत. अशा पाण्यावर छोट्या नावेतून सहल काढावी असे कोणास वाटणार नाही? परंतु या सहलीची खरी सिद्धता पाण्यावर नव्हे, काठावरच करावी लागते.

सहलीस सोयीची नाव म्हणजे कयाक. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक लाकडी सांगाड्यावर सील या प्राण्याचे कातडे ताणून ती बनवीत. आता ती प्लास्टिकची असते. तिचे वल्हे दोन्ही टोकांस पसरट असते, त्यामुळे एकच मनुष्य आळीपाळीने दोन्ही बाजूंस पाणी मारून ती चालवू शकतो. ती हलकी व चपळ खरी, पण अरुंद असल्याने सहज कलंडते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर तरंगणारे जाकीट घट्ट बांधलेले असलेच पाहिजे. उत्तम पोहणाराही यास अपवाद नाही.

प्रथम ऋतूचा विचार करू. पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहतात व पाणी गढूळ असते, तेव्हा नाव नेण्याचा विचारच नको. दिवाळीनंतर पाणी निवळते आणि जलाशयही बहुधा भरलेला असतो. पुढे मात्र नीरेच्या डाव्या व उजव्या कालव्यांतून ते बारामती-फलटणकडील शेतांना जाऊ लागते. पातळी उतरते, काठ मागे सरतो आणि नाव व कोरडी जमीन यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. या गाळात पाय रुतला म्हणजे काढणे कठीण.

याहून महत्त्वाची गोष्ट तळाची. समुद्राची पुळण हळूहळू खोल होत जाते. जलाशयाचा तळ तसा नसतो. येथे पूर्वी शेते होती, बांध होते, झाडे होती. पाण्याखाली गेलेले कांबरेश्वराचे देऊळ उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले म्हणजे उघडे पडते; मग इतर काय काय खाली दडलेले असेल, याची कल्पना करावी. एक पाऊल गुडघाभर पाण्यात, तर पुढचे बांधावरून सुटून डोक्याहून खोल पाण्यात, असे होऊ शकते. २०२२ च्या मे महिन्यात याच जलाशयात उतरलेल्या पाच स्त्रिया बुडून मृत्यू पावल्या. नकाशात हे चढउतार दिसत नाहीत. ते काठच्या गावकऱ्यांना आणि मासेमारी करणाऱ्यांना ठाऊक असतात. तेव्हा नाव पाण्यात लोटण्यापूर्वी त्यांच्याकडे जाऊन, "दादा, उतरायला जागा कोठे चांगली?" एवढे विचारावे. जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी, आणि धरणाच्या दरवाजांकडे तर मुळीच जाऊ नये.

आता वाऱ्याचा हिशेब. सकाळी पाणी आरशासारखे असते. दुपारी जमीन तापते, तिच्यावरील हवा वर चढते व पश्चिमेकडून वारा सुटतो. डोंगरांच्या मधल्या अरुंद खोऱ्यात त्याचा जोर वाढतो आणि लाटा उठतात. म्हणून हात ताजे असताना वाऱ्याच्या दिशेस तोंड करून, म्हणजे पश्चिमेकडे, निघावे. परतताना तो पाठीशी राहतो. समजा, ठिकाण तीन किलोमीटरवर आहे आणि सर्वांत संथ नाव तासाला तीन किलोमीटर जाते. सातला निघालेली मंडळी आठला पोचतील. परतीस एक तास पुरेसा वाटला तरी दोन धरावे. अकराच्या आत काठ गाठावयाचा, तर नऊला फिरलेच पाहिजे, मग ठिकाण आलेले असो वा नसो. ही वेळ आदल्या दिवशीच ठरवावी. समोर काठ दिसू लागल्यावर माघार घेण्यास मन सहसा तयार होत नाही.

काही उत्साही मुले पाण्याखाली पाहण्यासाठी काचेचा मुखवटा व श्वासनळीही बरोबर घेऊ पाहतात. ही नळी ३५-४० सेंटिमीटरच का असते? ती मीटरभर लांब केली तर खोल गेलेल्या छातीवर पाण्याचा एवढा दाब येतो की फुप्फुसे पुरती फुगतच नाहीत. शिवाय सोडलेली हवा नळीतच राहून पुन्हा आत येते. शिवाय गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा थोडे कमी तरंगते. आणि इतके करून गाळाखेरीज दिसणार काय? ही हौस मालवणास भागवावी. तेथील समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला असून तेथे प्रवाळ आहेत.

निघताना नावा किती, माणसे किती, जाणार कोठे आणि परतणार केव्हा, हे कागदावर लिहून काठच्या एखाद्या घरी ठेवावे. परतल्यावर त्या घरी आठवणीने वर्दी द्यावी. नाहीतर मंडळी आपापल्या घरी सुखाने निजलेली असावयाची आणि गावकरी मात्र रात्रभर बत्त्या घेऊन पाणी धुंडाळीत असावयाचे.