गवत पिकायचे दिवस

सकाळी साडेसहा. सिन्नर मागे टाकून डांबरी रस्ता सोडला की थोड्याच वेळात माळ लागतो. ऑक्टोबर सरत आलाय. गवत मांडीइतकं वाढलंय आणि दंवाने चिंब आहे. ओलं बी पोत्यात भरलं की बुरशी धरतं, म्हणून ऊन चढेपर्यंत नुसतं फिरायचं आणि काय पिकलंय ते बघायचं. डोंगरी गवत पिकून सांडायला लागलंय, पवन्या अजून चार दिवस घेईल. खाली ओघळीच्या कडेला मारवेल आहे. माळाच्या मालकांशी बोलणं झालेलं असलं तरी माझा नियम ठरलेला आहे: चार ठोंबांतल्या एकाचंच बी घ्यायचं. बाकीचं माळाचं.

नाशिकच्या बागांसाठी बी आणायला मी इगतपुरीला न जाता सिन्नरला येते, त्याला कारण आहे. याच जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आगेमागे आणि सिन्नर-येवल्याकडे त्याहून कमी. शहरातल्या मुरमाड उतारावर टिकायचं तर कमी पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं गवतच हवं.

साडेआठ. मावशी आल्या. आसपासच्या गावातल्याच, जन्म गवत कापण्यात गेलेला. कंबरेला गोणपाट गुंडाळलेलं, कारण कुसळीत शिरायचंय. कुसळीची वाळलेली टोकं एकमेकांत गुंतून त्यांचे पुंजके होतात. ते नुसते हाताने ओढायचे.

"पिकलं का हो मावशी?"

"पदराला लागून आलं म्हणजे पिकलं, ताई. ओढून काढावं लागतं ते कच्चं."

त्यांच्या पदरावरचं एक बी मी तळहातावर घेते. टोक अणकुचीदार, त्यावर मागे वळलेली तांबूस लव आणि वर बोटभर लांबीचं, पीळ बसलेलं काळपट कुसळ. बाटलीतलं थेंबभर पाणी सोडलं की क्षणभर काहीच होत नाही. मग पीळ सुटायला लागतो, कुसळ सावकाश गोल फिरतं आणि बियाचं टोक तळहाताला टोचतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. रात्रीचं दंव आणि दिवसाचं ऊन यांच्या जोरावर बी असं फिरत फिरत स्वतःला मातीत रोवून घेतं. मागे वळलेल्या लवेमुळे ते आत जातं, उलटं बाहेर येत नाही. हे मी कितीही वेळा बघितलं तरी हातातलं काम थांबतंच. मेंढपाळ मात्र या दिवसांत कुसळीचा माळ टाळतात. मेंढ्यांच्या तोंडाला आणि लोकरीला ही कुसळं छळतात, म्हणून चराई फुलोऱ्याच्या आधीच उरकलेली असते.

कुर्डूचे तुरे कागदी पिशवीत झटकले की काळं चकचकीत बी खाली जमतं. तेरड्याची बोंडं हात लागताच फुटतात, ती मुठीत झाकूनच तोडावी लागतात. आता थोडीच उरली आहेत.

सव्वादहा. पाथर्डी फाटा, पांडवलेण्यांच्या बाजूची एक सोसायटी. समितीला मी मुद्दाम याच वेळी बोलावलंय. विष्णुक्रांतेची करंगळीच्या नखाएवढी निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारी मिटतात. दोनला आले असते तर त्यांना काहीच दिसलं नसतं.

इथे पाच गुंठ्यांचा उतार आहे. इमारतीचा पाया खणताना निघालेला मुरूम तसाच पसरलेला. त्यावर लाल माती आणि शेणखत टाकायचा आग्रह झाला होता, तो मी मानला नाही. सकस माती मिळाली की आधी तण माजतं आणि मुरमावर वाढणारी लहान फुलं त्याखाली दबून जातात. आता दुसरा पावसाळा सरलाय. उतारावर पवन्या आणि डोंगरी, खाली पाणी मुरतं तिथे मारवेल, मध्ये कोरांटी आणि तरवड. कुसळी पायवाटेपासून लांब, वरच्या कडेला, कारण मुलं खेळतात.

अध्यक्षांचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, हे तर सगळं वाळायला लागलं. लोक म्हणतात, बागेला पैसे दिले की गवताला?"

मी पाण्याचा हिशोब मांडला. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात कार्पेट लॉन हिरवं ठेवायला दिवसाला 5 मिलिमीटर धरलं, तरी गुंठ्याला 500 लिटर. पाच गुंठ्यांना रोज 2,500 लिटर, म्हणजे चार दिवसांनी 10,000 लिटरचा एक टँकर. गंगापूर धरणाचं पाणी आधी माणसांच्या पिण्यासाठी आहे, आणि एप्रिलमध्ये याच सोसायटीत टँकरवरून वाद होतात. या उताराला गेल्या उन्हाळ्यात एक बादलीही लागली नाही.

हिशोब त्यांना पटला, रंग पटला नाही. खरी अडचण तिथेच आहे. आपल्या मनातली बाग बारा महिने हिरवी असते आणि नाशिकचा माळ चार महिने हिरवा, आठ महिने पिवळा-सोनेरी असतो. वाळलेलं गवत मेलेलं नसतं. ठोंब जिवंत असतो, मुळं माती धरून असतात, जूनच्या पहिल्या सरींनंतर आठवड्यात कोंब दिसतात. माळाला पडीक म्हणायची आपली जुनी सवय सोसायटीच्या कुंपणाआतही येते. ती मोडायलाच मी हे काम करते.

सेक्रेटरींनी साप आणि आगीचा विषय काढला. दोन्ही शंका रास्त आहेत. वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत आखूड राहील आणि पार्किंगच्या कडेने सहा फुटांचा पट्टा कापून मोकळा ठेवू, असं ठरलं. तेवढ्यात खाली फिरायला आलेल्या एक आजी म्हणाल्या, "यंदा पत्रीला आघाडा, दूर्वा, विष्णुक्रांता सगळं इथलंच नेलं. आणि गौरीला तेरडा. बाजारात गेलेच नाही." त्यानंतर रंगाचा विषय कुणी काढला नाही.

बारा. समिती गेल्यावर माळावरून सोबत आलेल्या मावशी आणि मी तण काढायला बसतो. गाजरगवत हातमोजे घालून, फुलण्याआधीच उपटायचं. 1955च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आता कुठल्याही उघड्या मातीवर पहिलं हजर होतं. नारिंगी कॉसमॉसही मी उपटते, कुणी हळहळलं तरी. ते मूळचं मेक्सिकोचं, देखणं आहे; पण एकदा पसरलं की तेरड्याला आणि कुर्डूला जागा उरत नाही.

साडेतीन. म्हसरूळची रोपवाटिका. सकाळचं बी सावलीत ताडपत्रीवर पसरलं. ते लगेच पेरलं तर उगवत नाही; कुसळी-मारवेलच्या ताज्या बियांना काही महिने सुप्तावस्था असते. जूनपर्यंत थांबावं लागतं आणि पेरायचंही तेव्हाच असतं, म्हणून ही सोय आपल्या फायद्याची. प्रत्येक पिशवीवर गाव, तारीख आणि उताराची दिशा लिहिते. मारवेलचं बी हलकं, लवदार. ते शेणमातीत कालवूनच पेरायचं, नाहीतर वाऱ्याने उडून जातं. घाई असेल तिथे मात्र ठोंब फोडून लावणं बरं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी मारवेलच्या चांगल्या जाती काढल्या आहेत. बागेत मला माळावरचाच मारवेल हवा असतो.

पाच वाजता एका फार्महाऊसवरून फोन: अंजनेरीचं कंदीलपुष्प मिळेल का, पैसे लागतील तेवढे देऊ. नाही. ती जात अंजनेरीच्या नावानेच ओळखली जाते, जगात फार थोड्या जागी उरली आहे, आणि तिथला कंद उकरणं म्हणजे तिचा घास घेणं. त्यांच्या खडकाळ कोपऱ्याला मी तरवड आणि कोरांटी सुचवली. विचार करून सांगतो म्हणाले.

रात्री साडेआठ. सोसायटीसाठी देखभालीचा कागद लिहायला घेते. जानेवारी संपेपर्यंत विळा लावायचा नाही, बी पडू द्यायचं. वाटा आणि पार्किंगचा पट्टा तेवढा अपवाद. फेब्रुवारीत वीतभर ठेवून कापायचं, पेंढ्या बांधून जवळच्या गोठ्यात द्यायच्या, जाळायचं नाही. एक तृतीयांश गवत तसंच उभं ठेवायचं, मुनिया त्यावर येतात. खत नाही, ठिबक नाही. आणि जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस काहीही उपटायचं नाही. त्या वयात तेरडा आणि तण सहज ओळखू येत नाहीत. मावशींना घेऊन मी येईन, तोवर माळीदादांनी खुरपं बाजूला ठेवावं.