बिशपाविना चाललेली मंडळी

शिरोळ तालुक्यात 'मिशन' म्हटलं की लोकांना मिरजेचा दवाखाना आठवतो. उदगाव-अंकलीचा पूल ओलांडला की मिरज. तिथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इस्पितळ उभं केलं. अवघड दुखणं असलं की या भागातली माणसं तिकडचीच वाट धरत. पण हे मिशन अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं होतं आणि त्या चर्चचा कारभार बिशपाविना चालतो, हे सहसा कुणाच्या कानावर गेलेलं नसतं.

या मिशनची मूळ कथा कोल्हापूरची. 1852 मध्ये रॉयल गूल्ड वाइल्डर तिथे आले, ते दुसऱ्याच अमेरिकन संस्थेतर्फे. ही संस्था प्रामुख्याने काँग्रिगेशनल पंथीयांची, अहमदनगरात काम करणारी. वाइल्डरांचा ओढा शाळांकडे. संस्थेच्या धुरीणांना मात्र आधी प्रवचन हवं होतं. संस्थेशी बिनसलं. प्रकृतीपायी मायदेशी गेलेला हा गृहस्थ 1861 मध्ये स्वतःच्या हिमतीवर परत आला. 1870 मध्ये त्याचं काम प्रेस्बिटेरियन मंडळाने आपल्याकडे घेतलं. माणूस हट्टी खरा, पण त्या हट्टाविना हे मिशन इथे टिकलं असतं असं मला वाटत नाही.

प्रेस्बिटेरियन चर्चची मुळं जिनिव्हातल्या कॅल्व्हिनच्या आणि स्कॉटलंडातल्या जॉन नॉक्सच्या सुधारणेत आहेत. देव सर्वसत्ताधीश, बायबल हा अखेरचा आधार, आणि संस्कार दोनच : बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. बाप्तिस्मा तान्ह्या बाळालाही देतात. प्रभुभोजनाच्या वेळी इथली खूण नेमकी दिसते. समोर वेदी नसते, साधं मेज असतं. पाळक भाकर मोडतो, आणि परंपरेनुसार वडील ताटं घेऊन बाकाबाकापाशी जातात.

हे 'वडील' वयाने मोठे असलेच पाहिजेत असं नाही. मंडळी त्यांना निवडते आणि मग त्यांची दीक्षा होते. पाळक आणि वडील मिळून स्थानिक सभा चालवतात. तिला सेशन म्हणतात. अनेक मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड, सर्वांत वर जनरल असेंब्ली. प्रेस्बिटरीत पाळकाइतकंच वजन वडिलांच्या मताला. पाळकाला दीक्षा देते तीही प्रेस्बिटरीच, कुणी एकटा धर्माधिकारी नव्हे. सभेचा अध्यक्ष, मॉडरेटर, मुदत संपली की खुर्ची सोडतो. गावपंचायतीत रुळलेल्या माणसाला यात परकं वाटण्याजोगं फारसं काही नव्हतं. फक्त इथे पंचकी बापाकडून मुलाकडे जात नव्हती, आणि आपल्याकडे ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही.

पुढे 1904 मध्ये भारतातल्या बऱ्याच प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या. 1924 मध्ये त्यांनी काँग्रिगेशनल पंथीयांशी हातमिळवणी करून उत्तर भारताचं संयुक्त चर्च उभारलं. वाइल्डरांचं ज्यांच्याशी फाटलं, त्या नगरच्या परंपरेशीच कोल्हापूरची मंडळी अशी एका छताखाली आली. मग 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात आणखी मोठं ऐक्य झालं. हे संयुक्त चर्च आणि अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरेन, मेथडिस्ट, डिसायपल्स अशा मंडळ्या मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्माला आलं आणि त्यात बिशप होते. पुढे कोल्हापूरचाही बिशपप्रांत झाला.

जुनी तालीम मात्र पुरती मोडली नाही. या चर्चला आर्चबिशप नाही. सिनडमध्ये बिशपांसोबत पाळक आणि सामान्य सभासदही बसतात, मतदान करतात, आणि दर तीन वर्षांनी आपल्या बिशपांतून मॉडरेटर निवडतात.