नेरूळ
नेरूळ : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील खाडीकाठचे एक जुने गाव आणि त्याच नावाने ओळखला जाणारा नवी मुंबई शहराचा एक प्रमुख विभाग. हे ठाणे खाडीच्या पूर्व बाजूस, शीव–पनवेल महामार्गालगत, वाशी व बेलापूर यांच्या दरम्यान वसले आहे. याच्या पूर्वेस पारसिकची डोंगररांग, पश्चिमेस ठाण्याची खाडी व दक्षिणेस पनवेलची खाडी आहे. येथील कारभार १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेकडे आहे.

नेरूळ, शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे, कुकशेत ही येथील मूळची गावे. वस्ती मुख्यत्वे आगरी व कोळी समाजांची. डोंगराचा पायथा व खाडी यांमधील सखल पट्टीत मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवीत व उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडीत. अशा खारजमिनीत पावसाळी भाताचे एकच पीक निघे. बांध फुटून खारे पाणी शिरले, तर पुढील काही हंगाम जमीन नापीक होई. त्यामुळे बांधाची राखण हे एकट्या शेतकऱ्याचे नव्हे, तर सबंध गावाचे काम असे. भातशेतीला मिठागरांची व मासेमारीची जोड होती. परिसराचा राजकीय इतिहास मुख्यत्वे शेजारच्या बेलापूर किल्ल्याशी निगडित आहे. हा प्रदेश अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे व पुढे इंग्रजांकडे गेला. या सत्तांतरांपेक्षा येथील जीवन खऱ्या अर्थाने पालटले, ते मात्र रस्ता व पूल यांमुळे.

१९६० नंतर ठाणे–बेलापूर रस्त्यालगत औद्योगिक वसाहत वाढू लागली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी त्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे नवे शहर उभारण्याची कल्पना मांडली. ती स्वीकारून शासनाने मार्च १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन केली. १९७३ मध्ये वाशीजवळ खाडीवरील पहिला पूल वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत मोटारीने मुंबईस जावयाचे, तर ठाण्यावरून वळसा पडे. होडीने खाडी ओलांडणे हा दुसरा मार्ग होता. महामार्गाकाठच्या गावाला रस्त्याचा सामान्यतः लाभ होतो, बाजारपेठ वाढते; येथे मात्र रस्त्यामागोमाग खुद्द गावाची जमीनच शहरासाठी गेली. शेतजमिनी व मिठागरे संपादित झाली आणि घरांची जुनी गावठाणे तेवढी मागे राहिली.

भरतीच्या पातळीखालील ही जमीन बांधकामास योग्य करण्यासाठी सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव योजले. भरतीच्या वेळी दारे मिटून शहरातील पावसाचे पाणी तलावात साठविले जाते व ओहोटीस ते खाडीत सोडले जाते. जुन्या उघाडीचेच हे मोठ्या प्रमाणावरील रूप होय, हे येथील शेतकऱ्यास कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

भूसंपादनाच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली परिसरातील गावांनी दीर्घ लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धारकास परत देण्याची योजना ही या लढ्याची निष्पत्ती होय. तथापि भूखंडवाटप लांबले आणि अनेक भूखंड विकलेही गेले. दरम्यान कुटुंबे वाढली व गावठाणाभोवती परवानगीविना घरे उठली. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ या नावाने ती ओळखली जातात. ती नियमित करण्याविषयी शासनाने वेळोवेळी निर्णय घेतले आहेत. आखीव विभागांमधून नेरूळच्या गावठाणात शिरताना रस्ता एकाएकी अरुंद होतो. मूळ गावाची हद्द ओळखण्याची हीच सोपी खूण आहे.

१९९३ मध्ये वाशीपासून लोहमार्ग नेरूळपर्यंत आला. २००४ मध्ये ठाण्याशी आणि २०२४ मध्ये उरणशी थेट रेल्वेसंपर्क झाल्याने नेरूळ हे महत्त्वाचे प्रस्थानक बनले. करावे येथे ‘चाणक्य’ ही सागरी प्रशिक्षण संस्था असून तिची परंपरा १९२७ मधील ‘डफरिन’ या प्रशिक्षण नौकेपर्यंत जाते. महामार्गालगतच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेस हरवून भारतीय महिला संघाने प्रथमच एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला.

खाडीकाठी तिवरांची दाट वने आहेत. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत खाडीत रोहित पक्ष्यांचे (अग्निपंखांचे) मोठे थवे असतात व भरतीच्या वेळी ते नेरूळ परिसरातील पाणथळींत विसावतात. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, की या पाणथळी कोरड्या पडतात. पूर्वी खारे पाणी बाहेर ठेवण्यासाठी गाव झटत असे, तर आता ते आत येऊ द्यावे म्हणून निसर्गप्रेमी नागरिकांना झगडावे लागते.